बेडशाच्या टाक्यातली बाटली

दवाखान्यात माणसं आजार घेऊन येतात आणि औषध घेऊन जातात. किस्से मात्र तिथंच टाकून जातात. ते झाडून काढायला कुठल्याही दवाखान्याने नोकर ठेवलेला नाही, त्यामुळे ते साचत राहतात. लोणावळ्याच्या धर्मादाय दवाखान्यात मी अख्खी नोकरी कारकुनीत काढली. रिटायर झालो तेव्हा दौत, टाक, शिक्के सगळं जागच्या जागी ठेवून आलो. घरी येऊन बघतो तर किस्से पाठोपाठ आलेले!

सगळे सांगत बसलो तर ऐकणाऱ्यांनाच दवाखान्यात न्यावं लागेल. म्हणून आज फक्त मधुमेहाचे सांगतो.

मधुमेह हा त्या काळी श्रीमंतांचा आजार समजत. बंगल्यात राहणाऱ्यांना तो होतो, बंगला झाडणाऱ्यांना होत नाही, असं बंगल्यात राहणारेच सांगत. झाडणाऱ्यांना झाला तर ते कळायच्या आत मरत, त्यामुळे हे म्हणणं खोटं पाडायला कोणी शिल्लक राहत नसे.

आमचे डॉक्टर सोमण मुंबईला शिकून आलेले. इन्शुलिन टोचलं की खाटेला खिळलेला माणूस उठून चालायला लागतो, हे त्यांनी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मावळात कुठेतरी मधुमेह लपून बसलाय आणि आपण तो हुडकून काढायचा, असं त्यांच्या डोक्यात बसलं. ज्याला त्याला विचारायचे, "फार तहान लागते का?" एप्रिल-मे महिन्यात या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस सापडत नसे.

डॉक्टर पक्के नास्तिक. कंपाउंडर गणपतराव तितकेच पक्के आस्तिक. औषधाची नवी बाटली फोडायची तरी गणपतराव आधी पंचांग उघडून बघत. एकदा राहुकाळ होता म्हणून खोकल्याचं औषध बंद राहिलं आणि बाकावर ओळीने पेशंट खोकत बसले. डॉक्टरांनी ते पंचांग उचललं, गणपतरावांच्या पिशवीत घातलं आणि म्हणाले, "दवाखान्यात थर्मामीटर चालेल. पंचांग चालणार नाही!"

त्या दिवसापासून पंचांग घरी राहिलं. गणपतराव येतानाच दिवसभराचे मुहूर्त पाठ करून येऊ लागले.

*

साखर तपासायची तेव्हाची रीत सोपी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे चार थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं, तर साखर भरपूर.

अडचण एकच होती. लघवी बाटलीत घालून भर बाजारातून दवाखान्यात आणणं मावळातल्या माणसाला मरणापेक्षा अवघड वाटे. त्यात घरात बाटली कुठली? डॉक्टरांनी मात्र हेका धरला, "काचेच्याच बाटलीत आणा."

आणि एका पावसाळ्यानंतर एकदम कामशेतकडून येणारा प्रत्येक नमुना लाल निघू लागला! धडधाकट गडी, म्हाताऱ्या, एक कुस्ती खेळणारा पोरगा, सगळे लाल. डॉक्टर हरखून गेले. मावळात मधुमेहाची साथ आहे, असा एक इंग्रजी निबंध त्यांनी लिहायला घेतला आणि सगळ्यांचा भात बंद केला.

भाताच्या मुलखात भात बंद! कान्हे गावचे तुकाराम आबा तर ऐकून बाकावर बसूनच राहिले. पण माणूस शब्दाला जागणारा. घरी त्यांनी भाताला शिवणं सोडलं. रोज दुपारी मात्र ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जेवताना दिसत. गणपतरावांनी गाठून विचारलं तर म्हणाले, "डाक्टरनं माज्या घरचा भात बंद केलाय. दुसऱ्याच्या घरात त्येचा काय हुकूम?"

शेवटी एक दिवस एक बाई टेबलावर बाटली ठेवून उभी राहिली. बाटलीला आतून-बाहेरून मुंग्या लागलेल्या. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बघा गणपतराव! किती साखर असेल यात!"

बाई लाजून म्हणाली, "अजून भरायची हाय, डाक्टर. रिकामीच आनलीया."

तेव्हा चौकशी झाली. कामशेतच्या आठवडी बाजारात एक काकवीवाला बसे. त्याच्या रिकाम्या बाटल्या स्वस्तात मिळत, म्हणून सगळा मुलूख त्याच विकत घेत होता, आणि न विसळता भरून आणत होता!

निबंध चुलीत गेला. डॉक्टरांनी स्वतः कान्ह्याला जाऊन तुकाराम आबांची माफी मागितली आणि सांगितलं, "आबा, तुम्हाला काही झालेलं नाही. खुशाल भात खा."

आबांनी विचारलं, "घरचा का भायेरचा?"

*

या काकवीच्या प्रकरणानंतर डॉक्टरांना मधुमेहाचं नाव काढायची चोरी झाली. अशा वेळी बेडशाची भागूबाई आपल्या सुनेला घेऊन आली.

बेडसे म्हणजे कामशेतला उतरून पुढे चांगली पायपीट करायची, डोंगराच्या पोटाशी गाव, वर बौद्ध लेणी. भागूबाई म्हणजे कपाळावर आडवं कुंकू, आवाज असा की ती दारात बोलली की आतल्या खोलीत गणपतरावांच्या हातातली बाटली हले. सून सगुणा लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेली पोर. अंगावर मांस म्हणून नाही. नुसते दोन डोळे आणि लुगडं.

"घागर तोंडाला लावती," भागूबाई म्हणाली. "जेवती तर गड्यावानी, आन् वाळती तर काडीवानी. मोरीपाशी मुंग्यांची रांग लागती. भावकी म्हनती, सोडून द्या हिला म्हायेरी, नामाला दुसरी करू. म्हनलं आदी डाक्टरला दाखवू. पोरीत खोट हाय का रोग हाय, येवढं सांगा."

नामा तिचा मुलगा. तो शेजारी उभा राहून टोपीची घडी घालत होता आणि उलगडत होता.

नळी लाल झाली. गणपतराव हळूच म्हणाले, "डॉक्टर, काकवी..." डॉक्टरांनी दवाखान्यातली उकळलेली बाटली दिली, दुसरा नमुना घेतला. तोही लाल झाला. या वेळी कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: रोग आहे, खोट नाही. औषध न मिळालं तर पोर काही महिन्यांत जाईल. मिळालं तर जगेल, सगळ्यांसारखी जगेल. पण औषध सुईने टोचायचं, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

"जन्मभर?" भागूबाई म्हणाली. "आन् म्या मेल्यावर कोन टोचनार?"

म्हणजे टोचणार कोण, हे तिने परस्पर ठरवूनही टाकलं होतं! नामाची टोपी पुन्हा उलगडलेली तशीच राहिली.

*

औषध द्यायचं तर दवाखान्याच्या कमिटीची मंजुरी हवी. कमिटीत गावातले सात प्रतिष्ठित. प्रतिष्ठित म्हणजे दवाखान्यात कधीही न येणारे.

सभासदांनी डॉक्टरांना विचारलं, "या औषधाने रोग बरा होतो का?"

"नाही."

"मग बंद केलं की?"

"मरेल."

"म्हणजे देतच राहायचं?"

"हो."

मग एक वकील म्हणाले, "जो आजार बराच व्हायचा नाही, तो धर्मादाय दवाखान्यात आणायचाच कशाला? ज्यांना बरं व्हायचंय त्यांना औषध द्यावं."

डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, भूक तरी जेवून कुठे बरी होते? दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतेच. म्हणून आपण जेवणं सोडलंय का?"

सभा लांबली होती, दुपारचा एक वाजून गेला होता, आणि डॉक्टरांनी जेवणाचं नाव काढलं होतं. ठराव एकमताने पास झाला!

*

औषध मुंबईहून यायचं. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ती इवलीशी बाटली ठेवायची, थर्मास गाडीच्या गार्डाकडे द्यायचा, आणि लोणावळा स्टेशनवर गणपतरावांनी तो उतरवून घ्यायचा, अशी व्यवस्था. गार्ड डिमेलो हा उमदा माणूस. त्याचा स्वतःचा चहाचा थर्मास होता, आणि दोन्ही थर्मास एकाच दुकानातले, एकाच रंगाचे.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

डॉक्टरांनी झाकण काढलं, वास घेतला आणि गणपतरावांना म्हणाले, "कप आणा. औषध अजून गरम आहे."

परतीच्या गाडीला डिमेलो खाली उतरला तो थर्मास छातीशी धरून. पुण्यापर्यंत घसा कोरडा, आणि उघडून बघतो तर बर्फात एक बोटभर बाटली! डॉक्टरांच्या हातात ती देत म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या लोणावळ्यात पाहुण्याला चहा एवढासाच देतात?"

*

टोचायला शिकवायचं सगुणालाच, असं डॉक्टरांच्या मनात होतं. पण सुई बघताच ती बेशुद्ध पडायची. तेव्हा भागूबाईने पदर खोचला.

सराव वांग्यावर झाला. गणपतरावांनी काचेच्या पिचकारीला जिथवर औषध घ्यायचं तिथे लाल दोरा बांधून दिला. भागूबाई पिचकारीत पाणी भरी, दोऱ्यापाशी थांबे, वांग्यात सुई घाली. दोन दिवस दवाखान्यात हेच चाललेलं. वांग्याचा जीव जाईल की काय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जमलं!" भागूबाईने वांगी पदरात गोळा केली. "ही टाकायची व्हय? भरून करते की!"

गावात ही बातमी गेली तेव्हा बायका नदीवर धुणं थांबवून हसल्या म्हणे. सासूने सुनेला रोज दोन वेळा सुई टोचायची, आणि तीही डॉक्टरच्या हुकमाने! कान्ह्याची एक सासू तर मुद्दाम दवाखान्यात येऊन मला विचारून गेली, "भाऊ, आमच्या सुनंला बी तसलं काय निघंल का बघा की!"

भावकीतल्यांनी नामाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय पुन्हा काढला. भागूबाईने एका वाक्यात संपवला. "दुसरी आनायची? मंग म्या येवढं टोचायला शिकले ते वाया गेलं की!"

आठ-दहा दिवस बरे गेले असतील. एका सकाळी बैलगाडी कामशेतला आली, तिथून मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात घालून सगुणाला दवाखान्यात आणली. डोळे उघडत नव्हती. श्वास लांब लांब, आणि त्याला पिकलेल्या फळासारखा वास.

डॉक्टरांनी भागूबाईला विचारलं, "टोचणं चुकलं?"

"एक येळ बी न्हाई."

"सुई उकळली होती?"

"उकळली. पिचकारी उकळली. अवशीद बी उकळलं."

डॉक्टरांचा हात थांबला. "औषध उकळलंत?"

"नवी बाटली आली न्हवं, ती. चांगलं वाटीभर पानी आटंस्तवर!" भागूबाईचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तुमीच म्हनला व्हता, सगळं उकळा. माज्या हातून कच्चं काय जात न्हाई, डाक्टर."

उकळलेलं इन्शुलिन म्हणजे नुसतं पाणी. पोरीला पाण्याच्या सुया चालल्या होत्या. डॉक्टर रागावायला तोंड उघडणार होते, पण रागावण्याइतका वेळ नव्हता. गणपतरावांनी ठेवणीतली बाटली काढली. मुहूर्त पाहिला नाही, हे मी स्वतः पाहिलं.

दिवसभर डॉक्टर खाटेपासून हलले नाहीत. भागूबाई उशाशी बसून होती. मधूनच सुनेच्या कानाशी वाकून दटावल्यासारखं म्हणायची, "ऊठ गं पोरी. घरी दळान पडलंया." तिन्हीसांजेला सगुणाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्यावर भागूबाईने जो हंबरडा फोडला तो ऐकून बाहेरच्या पेशंटांना वाटलं, पोर गेली!

*

आता प्रश्न आला बाटल्या थंड ठेवायचा. डॉक्टर एका वेळी थोड्या जास्त बाटल्या देत, कारण पावसाळ्यात वाट बंद होई. चालू बाटली घरात माठाखाली ओल्या फडक्यात राही. शिलकीच्या कुठे ठेवायच्या? उन्हाळ्यात बेडशाला पत्र्याखाली माणूस उकळायचा, तिथे औषधाचं काय!

लोणावळ्यात बर्फाची पेटी होती ती आमच्या बंगलेवाल्या शेठजींकडे. शेठजी मुंबईचे, हवेसाठी येऊन राहिलेले, आणि स्वतः मधुमेही. गणपतराव रोज दोन वेळा जाऊन त्यांना टोचत, आणि त्यांची बाटली त्या पेटीत लोण्याशेजारी असे. डॉक्टर मला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "शेठजी, एका गरीब पोरीच्या दोन-तीन बाटल्या तुमच्या पेटीत राहू द्या. दर आठवड्याला कोणीतरी एक घेऊन जाईल."

शेठजी हो म्हणणार एवढ्यात त्यांचा स्वयंपाकी महाराज आतून आला. "हे औषध जनावरापासून काढतात म्हणे. दुधाशेजारी चालायचं नाही."

डॉक्टर म्हणाले, "महाराज, शेठजींची बाटली आहे ना तिथे?"

"ती शेठजींची. ती शुद्ध आहे."

दोन्ही बाटल्यांवरचं लेबल एकच होतं. पण महाराजांना इंग्रजी येत नव्हतं, आणि ज्यांना लेबल वाचण्यापुरतं येत होतं ते शेठजी त्या वेळी खिडकीतून नागफणीचा डोंगर बघत होते.

परत आल्यावर गणपतरावांना हे सांगितलं तर ते चिडून म्हणाले, "आता काय लेण्यात नेऊन ठेवायच्या बाटल्या?"

चिडून बोललेली ही एकच गोष्ट आमच्या दवाखान्यात कधी उपयोगी पडली! बेडशाच्या लेण्यात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. भर वैशाखात हात घातला तर बोटं बधिर होतील असं पाणी. भागूबाईने पितळेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बाटल्या घातल्या, डबा दोरीला बांधला आणि टाक्यात सोडला. ज्या भिक्षूंनी ती टाकी खोदली, त्यांनीच इतक्या शतकांनंतर दवाखान्याचं काम केलं म्हणायचं. कमिटीपेक्षा लवकर.

*

पण लेण्यात दोरी लोंबकळताना दिसली की माणूस काय करतो? आधी वाकून बघतो, मग हात जोडतो.

महिनाभरात दोरीला कोणीतरी हळदकुंकू लावलं. मग टाक्याच्या कडेला नारळ दिसू लागले. मरायला टेकलेली सून ह्या पाण्यातल्या औषधाने उठली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं, पाण्यात देवी आहे. भागूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायची, "देवी-बिवी न्हाई हितं! माज्या सुनंचं अवशीद हाय! हात लावाल तर हात मोडंन!" यावर लोक म्हणाले, देवी कडक आहे.

त्याच वर्षी हिवाळ्यात पुण्याचे एक संशोधक लेणी बघायला आले. चष्मा, वही, टेप, सगळं जय्यत. टाक्यापाशी हळदकुंकवाची दोरी बघून ते थबकले. वाट दाखवायला आलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे काय आहे?"

म्हातारा म्हणाला, "ह्येनं सुना बऱ्या व्हत्यात."

"पूर्वीपासून आहे का?"

मावळातला म्हातारा पाहुण्याचं मन मोडत नाही. "व्हय तर. लय पूर्वीपासनं."

पुढे एका इंग्रजी मासिकात त्यांचा लेख आला. बेडशाच्या टाक्यांशी निगडित असा एक आरोग्यविधी तिथे आजही टिकून आहे, भिक्षूंच्या काळापासून आलेल्या वैद्यकपरंपरेचा तो अवशेष असावा, वगैरे. मी तो लेख दोनदा वाचला. अतिशय विद्वान माणूस. तळटीपा बघत राहाव्यात अशा. चूक एवढीच, की परंपरा गेल्या उन्हाळ्यातली होती.

*

मग लढाई आली. बोटी येईनात, आणि बोटी येईनात म्हणून औषध येईना. डिमेलोच्या थर्मासमध्ये आता खरोखरच फक्त चहा असे. नामाला देहूरोडच्या लष्करी डेपोत काम लागलं होतं, तिथेही त्याने विचारून पाहिलं. लष्कराचं औषध लष्करापुरतं.

डॉक्टरांनी सगुणाचं अन्न कमी केलं, मग औषध कमी केलं, मग आणखी अन्न कमी केलं. पोर पुन्हा नुसते डोळे आणि लुगडं झाली. टाक्यातल्या डब्यात शेवटची बाटली होती, ती वर आली. डबा मात्र भागूबाईने रिकामाच पुन्हा पाण्यात सोडला.

सबंध लोणावळ्यात औषध उरलं होतं ते शेठजींच्या पेटीत. लढाईचा वास येताच त्यांनी मुंबईहून भरपूर बाटल्या मागवून ठेवल्या होत्या. डॉक्टर पुन्हा गेले. मीही होतो. डॉक्टर कोणापुढे हात पसरणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी पसरला.

शेठजी म्हणाले, "डॉक्टर, दिल्या असत्या हो. पण लढाई कधी संपणार, हे तुम्ही लिहून देता का?"

डॉक्टर उठले. मी त्यांच्यामागे उठलो, तर शेठजींनी मला थांबवलं. पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, त्यामुळे ते धास्तावले होते. म्हणाले, "अहो, त्या बेडशाच्या लेण्यात मधुमेहाची देवी आहे म्हणतात, ते खरं का? महाराजाला दूधवालीने सांगितलं. कुठल्याशा इंग्रजी मासिकातही आलंय म्हणे."

मी म्हणालो, "आलंय."

दुसऱ्या दिवशी मी तो लेख त्यांना मराठीत वाचून दाखवला. शब्दाला शब्द. विद्वानांच्या लिखाणाला कारकुनाने स्वतःचं काही जोडू नये, आणि मी जोडलं नाही.

अमावास्येला शेठजींनी जायचं ठरवलं. कामशेतपर्यंत मोटार, पुढे जमेल तिथवर तीच, आणि डोंगराखालून चार गड्यांची डोली. लेखातलं काही अडलं तर हवा म्हणून मला बरोबर घेतलं. यायला उशीर झाला तर परस्पर दवाखान्यात टोचून घेता यावं म्हणून त्यांचा थर्मासही होता, आत चालू बाटली आणि एक न फोडलेली.

टाक्यापाशी भागूबाई बसली होती. मागे खांबाला टेकून सगुणा; घरी एकटी सोडवेना म्हणून भागूबाईने पाठीवर घालून वर आणलेली. तिच्याने आता बसवतही नव्हतं. भागूबाईने डोलीकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं. ज्या बंगल्याच्या पेटीत सुनेच्या बाटलीला जागा मिळाली नव्हती, त्याचे मालक कोण, हे तिला ठाऊक होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खांबावरचे हत्ती-घोडे बघू लागलो.

शेठजींनी नारळ पुढे केला.

"न्हाई चालत," भागूबाई म्हणाली.

शेठजींनी जरीचा खण काढला.

"न्हाई चालत."

शेठजींनी पेढ्यांचा पुडा सोडला. खास लोणावळ्याहून आणलेले, केशरी. सगुणाची नजर त्यावर गेली आणि परत आली.

"ते तर पयले झाका! गोड हितं अजाबात चालत न्हाई. आमच्या घरात बी आमी दोघी खात न्हाई."

शेठजी गोंधळले. "मग बाई, देवीला चालतं तरी काय?"

दोन वर्षं जी बाई घसा फोडून सांगत होती की इथे देवी नाही, तिने मागे वळून सगुणाकडे पाहिलं. मग म्हणाली,

"तुमास्नी रोज जे लागतं, तेच द्येवीला लागतं."

मधुमेही देवी शेठजींनी कुठे ऐकली नव्हती. पण लेखात तळटीपा होत्या! त्यांनी थर्मास उघडला, न फोडलेली बाटली काढली, दोन्ही हातांनी भागूबाईच्या ओंजळीत ठेवली आणि पाण्याला नमस्कार केला. भागूबाईने दोरी ओढून डबा वर घेतला, बाटली आत ठेवली. डबा मात्र पाण्यात सोडला नाही.

"येकच?" ती म्हणाली. "लढाई चाललीया, शेट. द्येवीला बी घोर हाय."

"देवी... दर महिन्याला घेते?"

"दर अवसंला."

उतरताना डोलीतून शेठजी मला म्हणाले, "डॉक्टरांना बोलू नका हं. ते नास्तिक. त्यांना यातलं काही कळायचं नाही."

दवाखान्यात आलो. डॉक्टर खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी झालेलं सगळं सांगितलं, नारळापासून अवसेपर्यंत. त्यांनी चष्मा पुसला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"गणपतराव, उद्या येताना तुमचं पंचांग घेऊन या."